गोष्टीच्या पुस्तकासह येणारा जपानी अल्बम : वाट पाहण्यापासून ऐकण्यापर्यंत

18 मे 2005 रोजी, बुधवारी, जपानमध्ये यासुनोरी मित्सुदा या संगीतकाराचा 'किरिते' नावाचा अल्बम प्रकाशित झाला. मित्सुदा यांचे नाव जगभर पोहोचले ते व्हिडिओ गेमच्या संगीतामुळे. परंतु या अल्बमच्या मागे कोणताही गेम नव्हता, चित्रपटही नव्हता. मागे होती ती एक गोष्ट. मासातो कातो यांनी लिहिलेली ही 'किरितेच्या पाच ऋतूं'ची गोष्ट सीडीबरोबर पुस्तकरूपाने देण्यात आली आणि अल्बममधील गाणी एरी कावाई या गायिकेने गायली. संगीत आणि गोष्ट एकाच वेष्टनात देण्याची ही पद्धत जपानमध्ये चांगलीच रुजलेली आहे. अशा अल्बमची घोषणा झाली की तिथले चाहते महिनोन्महिने त्याची वाट पाहतात आणि हाती आल्यावर तो सावकाश पुरवून पुरवून ऐकतात.

आपल्याकडे गेम किंवा ॲनिमे (जपानी ॲनिमेशनपट) यांच्या वाटेने जपानी संगीताकडे वळलेल्या श्रोत्याला असा अल्बम पहिल्यांदा हाती आल्यावर नेमके काय करावे ते कळत नाही. पुस्तक आधी वाचावे की सीडी आधी ऐकावी? भाषा येत नसेल तर पुस्तकाचे करायचे काय? मी स्वतः या प्रश्नांमध्ये बराच काळ अडकलो होतो. म्हणून घोषणेच्या दिवसापासून अल्बम कपाटात नीट ठेवण्यापर्यंतचा सगळा प्रवास क्रमाने सांगतो. उदाहरणासाठी 'किरिते' डोळ्यांसमोर ठेवला आहे, परंतु पायऱ्या या प्रकारच्या कोणत्याही अल्बमला लागू पडतील.

आधी प्रकार ओळखा

जपानमध्ये गोष्ट आणि संगीत यांची सांगड घालणारे अल्बम अनेक तऱ्हेचे असतात आणि नवख्याची गल्लत इथेच होते. 'ड्रामा सीडी' म्हणजे श्रुतिका. त्यात कलाकार संवाद म्हणतात आणि संगीत पार्श्वभूमीला असते. 'इमेज अल्बम' हा त्याहून वेगळा प्रकार आहे. एखाद्या कथेच्या वातावरणावर आधारलेले संगीत त्यात असते आणि पुष्कळदा ते चित्रपट पूर्ण होण्याच्याही आधी बाहेर येते. दिग्दर्शक हायाओ मियाझाकी यांच्या 'नाउशिका' या चित्रपटाचा, संगीतकार जो हिसाइशी यांनी केलेला इमेज अल्बम नोव्हेंबर 1983 मध्ये आला आणि चित्रपट मार्च 1984 मध्ये प्रदर्शित झाला. हिसाइशी आणि मियाझाकी यांची दीर्घ साथ त्या अल्बमपासून सुरू झाली. 'किरिते'सारखा अल्बम हा तिसरा प्रकार होय. यात गोष्ट आणि संगीत ही दोन स्वतंत्र अंगे असून दोन्ही एकमेकांसाठी घडवलेली असतात. अलीकडे हा प्रकार पडद्यावरही आला आहे. गेमसंगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी 2013 मध्ये स्वतः कथा रचून 'ब्लिक-0 1946' हे संगीतासह चित्रमय ई-पुस्तक काढले. आपल्यासमोरचा अल्बम कोणत्या प्रकारात मोडतो हे घोषणा वाचतानाच पक्के करून घ्यावे, कारण ऐकण्याची पद्धत त्यावर ठरते. श्रुतिका भाषा समजल्याशिवाय अर्धीही पोहोचत नाही. कथापुस्तकासह आलेला संगीताचा अल्बम मात्र पहिल्या दिवसापासून आपला होऊ शकतो.

पहिली पायरी : दोघांचीही आधीची वाट माहीत करून घ्या

चाहते नुसत्या नावामुळे वाट पाहत नाहीत; त्यांनी त्या माणसांचे आधीचे काम ऐकलेले, वाचलेले असते. त्यामुळे प्रतीक्षेचे महिने हे अभ्यासाचे महिने समजावेत. कीर्तनात पूर्वरंग नीट ऐकलेला असेल तर उत्तररंगातले आख्यान कसे अंगावर येते, हे ज्याने अनुभवले आहे त्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

मित्सुदा यांचा जन्म 1972 चा, यामागुची प्रांतातला. 1992 मध्ये ते स्क्वेअर या गेम कंपनीत लागले, परंतु काम मिळाले ते ध्वनिपरिणाम तयार करण्याचे. आपल्याला संगीत रचायला मिळत नसेल तर आपण नोकरी सोडू, असे त्यांनी कंपनीतले वरिष्ठ हिरोनोबू साकागुची यांना सांगितले आणि त्यातून मित्सुदा यांच्याकडे 'क्रोनो ट्रिगर' या गेमचे संगीत आले. 1995 मध्ये आलेल्या या गेमसाठी त्यांनी इतके काम केले की पोटात अल्सर होऊन त्यांना रुग्णालयात राहावे लागले आणि उरलेल्या रचना उएमात्सु यांनी पूर्ण केल्या. पुढे 1998 मध्ये 'झेनोगिअर्स' हा गेम आणि त्याच वर्षी त्यातील रचनांचा केल्टिक, म्हणजे आयरिश-स्कॉटिश लोकसंगीताच्या, वळणाचा 'क्रीद' हा अल्बम आला. त्यानंतर कंपनी सोडून 1999 मध्ये त्यांनी 'क्रोनो क्रॉस' या गेमचे संगीत केले आणि 2001 मध्ये प्रोसियॉन स्टुडिओ ही स्वतःची संस्था उभारली.

कातो यांचे नाव या यादीत पुन्हा पुन्हा येते. 'क्रोनो ट्रिगर'च्या कथेवर त्यांनी काम केले, 'झेनोगिअर्स'च्या लेखनात त्यांचा हात होता आणि 'क्रोनो क्रॉस'चे ते कथालेखक व दिग्दर्शक होते. म्हणजे 'किरिते' आला तेव्हा या दोघांच्या सहवासाला दहा वर्षे झाली होती. गेमसाठी काम करताना संगीतकाराला लढाईची एक धून, गावाची एक, दुःखाची एक अशी वाटणी करून द्यावी लागते आणि त्यातली प्रत्येक धून पुन्हा पुन्हा वाजत राहील अशी गोलाकार रचावी लागते. त्या बंधनातून हे दोघे बाहेर पडले तर काय करतील, याची उत्सुकता चाहत्यांना होती. तुम्हीही हाच क्रम धरा. आधी 'क्रोनो क्रॉस'चे संगीत ऐका, मग 'क्रीद' ऐका, आणि त्यानंतरच 'किरिते'कडे या. गेम खेळलेला नसला तरी काही बिघडत नाही.

दुसरी पायरी : घोषणा ते प्रकाशन

जपानी दुकानांची पाने पाहताना काही शब्द सतत दिसतील. ते ओळखीचे झाले की निम्मी धास्ती जाते. 'योयाकु' म्हणजे आगाऊ नोंदणी. 'शोकाई गेन्तेइ बान' म्हणजे पहिल्या छपाईपुरती मर्यादित आवृत्ती. कथापुस्तक पुष्कळदा याच आवृत्तीबरोबर असते आणि नंतरच्या साध्या आवृत्तीत, 'त्सूज्यो बान'मध्ये, ते नसते. म्हणून नोंदणी करण्यापूर्वी पुस्तक नेमके कोणत्या आवृत्तीत आहे हे दोनदा वाचावे. 'तोकुतेन' म्हणजे ठरावीक दुकानातून घेतल्यास मिळणारी भेट, जसे चित्रांकित कार्ड किंवा छोटी पुस्तिका. माझे मत असे की भेटीच्या मोहाने एकच अल्बम दोन दुकानांतून घेऊ नये. तो पैसा त्याच संगीतकाराच्या जुन्या अल्बमवर खर्चणे अधिक चांगले.

'शिचो' म्हणजे नमुन्यादाखल ऐकणे. स्वतंत्र, हौशी मंडळी काढतात त्या अल्बमांच्या बाबतीत सगळ्या रचनांचे छोटे तुकडे एकात एक मिसळून केलेली ध्वनिफीत आधी प्रसिद्ध करतात. तिला 'क्रॉसफेड' म्हणतात. असे अल्बम तोक्योमध्ये वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, भरणाऱ्या 'एम-थ्री' या संगीतमेळ्यात विकले जातात आणि त्यांतल्या कित्येकांबरोबर कथेची पुस्तिका असते. क्रॉसफेड एकदा ऐकावी, आवडली तर नोंदणी करावी आणि पुन्हा ऐकू नये. वीसवीस सेकंदांचे तुकडे कानात घट्ट बसले की संपूर्ण रचना ऐकताना मन त्या तुकड्याचीच वाट पाहत बसते.

जपानमध्ये नव्या सीडी बहुतेक करून बुधवारी प्रकाशित होतात, आणि माल आदल्या दिवशी दुकानात पोहोचत असल्याने मंगळवारी संध्याकाळीच अल्बम मिळवणाऱ्यांची तिथे मोठी संख्या आहे. या प्रकाराला चाहत्यांच्या भाषेत 'फुरागे' म्हणतात. याचा आपल्याशी संबंध एवढाच, की गोष्टीतला मजकूर फुटण्याचा धोका बुधवारी नसून मंगळवारी सुरू होतो. असा मजकूर फोडण्याला 'नेताबारे' हा शब्द आहे. तो कुठेही शीर्षकात दिसला की पुढे वाचू नये. डिजिटल आवृत्ती जपानच्या मध्यरात्री खुली होत असेल तर जपानी घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने ती आपल्याकडे आदल्या दिवशी रात्री साडेआठला ऐकता येते. मात्र डिजिटल आवृत्तीबरोबर पुस्तक असतेच असे नाही.

किमतीबद्दल एक गोष्ट नवख्यांना नेहमी खटकते. वेगवेगळ्या दुकानांत नव्या सीडीची किंमत सारखीच कशी? जपानमध्ये पुस्तके, नियतकालिके, वर्तमानपत्रे आणि संगीताच्या सीडी यांना 'साइहान' नावाची व्यवस्था लागू आहे, जिच्यामुळे प्रकाशकाने ठरवलेली किंमत दुकानदाराला पाळावी लागते. त्यामुळे सवलतीची वाट पाहत थांबण्यात अर्थ नसतो. थांबल्याने मर्यादित आवृत्ती तेवढी संपते. 'किरिते'सारखा जुना अल्बम मात्र वापरलेल्या मालाच्या दुकानांतच शोधावा लागतो आणि तिथे विचारायचा पहिला प्रश्न हाच, की पुस्तक सोबत आहे का.

तिसरी पायरी : मागवणे

जी दुकाने थेट भारतात पाठवतात त्यांच्याकडून मागवणे सर्वांत सोपे. जी पाठवत नाहीत त्यांच्यासाठी जपानमधील मध्यस्थ सेवा असते. ती आपल्या वतीने खरेदी करून पार्सल पुढे पाठवते आणि त्याचे वेगळे शुल्क घेते. टपालखर्च अल्बमच्या किमतीइतकाही होऊ शकतो, म्हणून दोघातिघा मित्रांनी एकत्र मागवावे. सीमाशुल्क लागण्याची तयारी ठेवावी, खरेदीची पावती जपावी आणि कुरिअरने केवायसीची कागदपत्रे मागितली तर ती तत्काळ द्यावीत. पार्सले अडकून पडतात ती बहुधा याच कारणाने.

सीडीला प्रदेशाचे बंधन नसते, जपानची सीडी आपल्याकडे वाजतेच. अल्बमबरोबर डीव्हीडी असेल तर मात्र जपानचा प्रदेशक्रमांक 2 आणि भारताचा 5 आहे, हे लक्षात ठेवावे.

मी मागवलेला पहिला अल्बम एका दुकानाने साध्या फुग्यांच्या पाकिटात पाठवला होता. तो आला तेव्हा डबी तडकलेली होती आणि पुस्तकाचा कोपरा आतपर्यंत दुमडलेला होता. सीडी उत्तम वाजत होती. पण तो दुमडलेला कोपरा प्रत्येक वाचनाला बोटाला लागतो. तेव्हापासून पुठ्ठ्याच्या खोक्यातून पाठवण्याचा पर्याय असेल तर तोच निवडतो आणि जादा पैसे देतो. कथापुस्तकासह येणाऱ्या अल्बममध्ये कागदाला सीडीइतकेच मोल आहे.

चौथी पायरी : वेष्टन उघडताना

घाई करू नये. अल्बमच्या कण्याला गुंडाळलेली कागदाची पट्टी असते तिला 'ओबी' म्हणतात. किमोनोवर बांधायच्या पट्ट्यालाही हाच शब्द आहे. ओबीवर किंमत, क्रमांक आणि एकदोन ओळींची ओळख छापलेली असते. वरचे पारदर्शक आवरण कात्रीने कापताना ओबी हमखास फाटते. आवरणाची जोडपट्टी मागच्या बाजूला शोधून नखाने उचलावी. ओबी काढल्यावर सरळ पुस्तकात ठेवून द्यावी.

जपानी कथापुस्तक उभ्या ओळींत छापलेले असेल तर ते आपल्या दृष्टीने मागून उघडते. ओळी वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे जातात. गीतांची पुस्तिका मात्र आडव्या ओळींत, आपल्यासारखीच डावीकडून, असू शकते. एकाच डबीत दोन दिशांची दोन पुस्तके पाहून गोंधळू नये. पुस्तक या वेळी फक्त उघडून पाहावे आणि मिटून बाजूला ठेवावे.

पाचवी पायरी : पहिले ऐकणे, पुस्तकाविना

मला या लेखात सगळ्यात आग्रहाने जे सांगायचे आहे ते हेच. पहिल्या वेळी गोष्ट न वाचता, तिचा सारांशही न वाचता, संपूर्ण अल्बम छापलेल्या क्रमाने ऐकावा. गोष्ट आधी वाचली की प्रत्येक रचना तिच्यातल्या एकेका प्रसंगाचे चित्र होऊन बसते. बासरी ऐकू आली की 'ही नदी', ढोल वाजला की 'हा हल्ला' असे मन खुणा जुळवू लागते आणि संगीतात त्यापलीकडे जे आहे ते हरवते. गोष्ट कधीही वाचता येते. गोष्ट माहीत नसताना ऐकण्याची संधी एकदाच मिळते.

तासाभराची सलग वेळ काढावी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, रचनांचा क्रम उलटसुलट करणारी सोय बंद करावी. दोन रचनांमधली शांतता किती सेकंदांची ठेवायची हेही संगीतकाराने ठरवलेले असते. ती शांतता ऐकावी. ऐकताना लिहू नये. संपल्यानंतर मात्र लगेच वही घ्यावी आणि प्रत्येक रचनेपुढे एकच ओळ लिहावी : कोणते वाद्य आधी लक्षात राहिले, जागा कशी वाटली, आणि आधी ऐकलेली धून पुन्हा भेटली का.

यातला शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे. कथेवर आधारलेल्या अल्बममध्ये एखादी धून सुरुवातीला गिटारवर येते, मध्ये संथ होऊन व्हायोलिनवर येते आणि शेवटी गाण्याचे रूप घेते. ती पकडण्यासाठी पाश्चात्त्य स्वरलेखन येण्याची गरज नाही. घरात हार्मोनियम असेल तर धुनेचे पहिले पाचसहा स्वर शोधून सरगममध्ये लिहून ठेवावेत. मी हे पहिल्यांदा केले तेव्हा मला एक गोष्ट सापडली, जी मला कोणी आधी सांगितली असती तर फार बरे झाले असते. मित्सुदा यांच्या संगीतावर ज्या आयरिश लोकसंगीताची छाया आहे, त्यात डोरियन आणि मिक्सोलिडियन या दोन स्वरसप्तकांचा वापर भरपूर असतो. डोरियनचे स्वर म्हणजे आपल्या काफी थाटाचे स्वर आणि मिक्सोलिडियनचे म्हणजे खमाज थाटाचे. पहिल्याच ऐकण्यात ते सूर अनोळखी वाटत नाहीत, यामागे हे एक कारण असावे. जपानी संगीताची गोष्टही अशीच आहे. तिथल्या असंख्य लोकप्रिय गाण्यांमध्ये 'योनानुकी' नावाचे पाच स्वरांचे सप्तक वापरलेले आहे. नावाचा अर्थच 'चौथा आणि सातवा वगळून' असा होतो. मोठ्या सप्तकातून म आणि नी वगळले की उरतात सा रे ग प ध, म्हणजे भूप. कोतो या तंतुवाद्याच्या जुन्या रचनांत भेटणाऱ्या 'मियाकोबुशी' सप्तकाचे स्वर लिहून काढले तर कोमल रे आणि कोमल ध घेतलेले सा रे म प ध मिळतात, आणि ते गुणकलीचे स्वर आहेत. चाल, ठेहराव, स्वर लावण्याची रीत सारे वेगळे असल्याने त्याला राग म्हणता येणार नाही. पण कानाला धरायला ही खुंटी पुरेशी आहे. वहीत 'तिसरी रचना, काफीचे स्वर, बासरी' एवढे लिहिले असेल तर पुढच्या वेळी ती धून दुसऱ्या वाद्यावर आल्याबरोबर तुम्ही तिला ओळखाल.

दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा असेच ऐकावे. मग पुस्तक उघडावे.

सहावी पायरी : पुस्तक वाचणे

जपानी येत नाही म्हणून पुस्तक कपाटात टाकून देणारे पुष्कळ जण मला भेटले आहेत. मला त्याची हळहळ वाटते, कारण मराठी माणसाला या लिपीचे दार इतरांपेक्षा सोपे आहे.

जपानी लिहिताना चिनी चित्रलिपी, म्हणजे कांजी, आणि उच्चारानुसार लिहायच्या हिरागाना व काताकाना या दोन लिप्या मिसळून वापरतात. या दोन लिप्यांत प्रत्येकी 46 मूळ अक्षरे आहेत. त्यांची तक्त्यातील मांडणी पाहा : आधी स्वर अ, इ, उ, ए, ओ, मग ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. ही आपलीच वर्णमाला आहे. कूकाई यांच्यासारख्या बौद्ध भिक्षूंनी नवव्या शतकाच्या आरंभी चीनमार्गे सिद्धम् या जुन्या भारतीय लिपीतील संस्कृत मंत्र जपानला नेले, आणि त्या अभ्यासातून पुढे जपानी अक्षरांचा हा क्रम घडला. 'क'नंतर 'च'वर्ग कुठे गेला असे वाटेल, तर जुन्या जपानीत आजच्या 'स'चा उच्चार 'च'च्या जवळचा होता असे मानतात. तसेच आजचा 'ह' पूर्वी 'प' होता, म्हणून तो 'न'नंतर आणि 'म'च्या आधी बसला आहे. हे एकदा कळले की तक्ता पाठ करावा लागत नाही. रोज दहा अक्षरे धरली तर दोन आठवड्यांत दोन्ही लिप्या ओळखता येतात. अल्बमचे 'किरिते' हे नाव काताकानात लिहिलेले आहे, कि, रि, ते अशी तीन अक्षरे. मुखपृष्ठावरची ती तीन अक्षरे मी पहिल्यांदा कोणाच्या मदतीशिवाय वाचली, तेव्हा सीडी सुरूही केलेली नव्हती तरी अल्बम उघडल्यासारखे वाटले.

कांजीसाठी दोन आधार आहेत. कथापुस्तकात कठीण कांजीच्या बाजूला बारीक अक्षरांत तिचा उच्चार छापलेला असतो, त्याला 'फुरिगाना' म्हणतात. तो वाचून शब्दकोशात शब्द शोधता येतो. दुसरा आधार फोनच्या कॅमेऱ्याने होणाऱ्या भाषांतराचा. उभ्या ओळींत ते पुष्कळदा चुकते आणि कर्ता कोण, कर्म कोण हे उलटसुलट करते, कारण जपानी वाक्यात कर्ता वारंवार गाळलेला असतो. म्हणून यंत्राचे भाषांतर अंदाजासाठी घ्यावे, निर्णयासाठी नव्हे.

गीतांच्या पुस्तिकेत फुरिगाना जरा अधिक लक्षपूर्वक पाहावा. जपानी गीतकार लिहितात एक शब्द आणि गाऊन घेतात दुसरा. 'विश्व' या अर्थाची कांजी छापतात, तिचा नेहमीचा उच्चार 'उच्यू', पण बाजूला बारीक अक्षरांत 'सोरा' म्हणजे 'आकाश' असे लिहितात आणि गायिका 'सोरा' गाते. डोळ्यांना विश्व मिळते आणि कानांना आकाश. तसेच 'उन्मेइ' म्हणजे नियती असे लिहून 'सादामे' गातात. हा अर्थ केवळ ऐकणाऱ्याला मिळत नाही, केवळ वाचणाऱ्यालाही मिळत नाही. सीडीबरोबर छापील पुस्तक का हवे, याचे याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

आणखी एक शब्द इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही : 'कोतोनोहा'. 'कोतो' म्हणजे बोल, 'नो' म्हणजे चा-ची-चे, 'हा' म्हणजे पान. बोलांची पाने, म्हणजेच शब्द. 905 च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'कोकिन वाकाश्यू' या काव्यसंग्रहाच्या प्रस्तावनेत कि नो त्सुरायुकी यांनी म्हटले आहे की जपानी कविता माणसाच्या हृदयातल्या बीजातून उगवते आणि असंख्य शब्दपर्णांची होते. आधुनिक गीतांमध्ये हा जुना शब्द अजूनही भेटतो. झाडाचे पान आणि पुस्तकाचे पान यांना एकच शब्द वापरणाऱ्या आपल्या भाषेत तो किती सहज उतरतो पाहा.

वाचनाची गती ठरवून घ्यावी. मी दिवसाला एक पान घेतो आणि त्याचा मराठीत कच्चा मजकूर वहीत उतरवतो. ज्यांना पद्धतशीर शिकायचे आहे त्यांच्यासाठी पुण्यात जपानी शिकवण्याची जुनी आणि भक्कम परंपरा आहे. जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा पुणे आणि मुंबई येथेही होते. तिच्या पाच पातळ्यांपैकी सर्वांत वरची एन-1 आणि सर्वांत सोपी एन-5. पाचवी आणि चौथी पातळी ओलांडलेल्या विद्यार्थ्याला फुरिगाना असलेली छोटी गोष्ट शब्दकोशाच्या मदतीने वाचता येते.

आपले भाषांतर स्वतःसाठी असावे. पुस्तकाच्या पानांची छायाचित्रे किंवा संपूर्ण अनुवाद जगाला वाटून टाकू नये. असे अल्बम कमी संख्येने निघतात आणि पुढचा अल्बम निघेल की नाही हे याच प्रती विकल्या जाण्यावर अवलंबून असते.

सातवी पायरी : दोन्ही एकत्र

आता गोष्ट वाचलेली आहे आणि वहीत पहिल्या ऐकण्याच्या ओळी आहेत. त्या ओळींपुढे गोष्टीतला कोणता भाग तिथे बसतो असे वाटते ते लिहा. काही ठिकाणी तुमचा अंदाज आणि गोष्ट जुळतील, काही ठिकाणी अजिबात जुळणार नाहीत. न जुळलेल्या जागांवर रेंगाळा. दुःखाच्या प्रसंगाला संगीतकाराने आनंदी चाल दिली असेल तर ती कोणाच्या नजरेतून दिली आहे? 'किरिते'च्या बाबतीत एक प्रश्न मुद्दाम धरून ठेवावा. जपानमध्ये ऋतू चार मानतात, आपण सहा मानतो. मग पाचवा ऋतू कोणता? पुस्तक उत्तर देते, पण संगीतात तो केव्हा सुरू होतो हे ज्याने त्याने शोधायचे आहे, आणि मित्रांबरोबर बसून ऐकले तर प्रत्येक जण वेगळी जागा दाखवतो.

एरी कावाई यांचे ऑगस्ट 2008 मध्ये निधन झाले. गाणी ऐकताना पुस्तिकेतील त्यांचे नाव आणि वादकांची नावेही वाचावीत. त्या नावांच्या मागे गेल्यास ऐकायला पुढचे अल्बम आपोआप मिळत जातात.

शेवटची पायरी : जपणूक

सीडीची प्रत संगणकावर उतरवून घ्यावी, ध्वनीचा दर्जा न घटवणाऱ्या स्वरूपात, आणि रोजचे ऐकणे त्या प्रतीवरून करावे. सध्याच्या लॅपटॉपला सीडीची फट नसते. यूएसबीने जोडायचा वाचक स्वस्तात मिळतो.

खरी काळजी पुस्तकाची. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात जपानी छपाईच्या गुळगुळीत कागदाची पाने एकमेकांना चिकटतात आणि कडांवर तपकिरी ठिपके येतात. मे महिन्याच्या अखेरीस पुस्तक आणि ओबी वेगळ्या पिशवीत घालून सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह बंद डब्यात ठेवावे. भिंतीला लागून असलेले कपाट टाळावे. पाऊस सरला, ऑक्टोबरची कोरडी हवा सुरू झाली की डबा उघडून पुस्तक सावलीत, पंख्यापासून दूर, अर्धा दिवस उघडे ठेवावे आणि दर तासाला दहाबारा पाने उलटावीत. मी हे काम दसऱ्याच्या आसपासच्या रविवारी करतो, आणि पाने उलटत असताना सीडी पहिल्या रचनेपासून लावतो.